चोरलच्या उतारावरची घाणेरी: जेसीबी परत पाठवा

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. सिमरोल ओलांडून चोरलकडे उतरताना त्यांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात नऊ बिघे जमीन घेतली होती. दोन खोल्या, दरीच्या बाजूला दगडी ओटला. ओटल्यावर बसलं की खाली नदीचं वळण दिसायचं, समोरचा डोंगर दिसायचा. गेल्या बारा-पंधरा वर्षांत घाणेरी इतकी माजली की आता ओटल्यावरून फक्त पानं दिसतात. आई एक्याऐंशीच्या आहेत आणि यंदाची कोजागिरी तिथे करायची म्हणतात. जेसीबीवाला दोन दिवसांत सगळं साफ करून देतो म्हणतोय, खताच्या दुकानदाराने तणनाशक सुचवलंय, शेजारच्या शेतकऱ्याचं म्हणणं काडी लावा. काय करावं, आणि कोजागिरीपर्यंत होईल का?

ताई, जेसीबी परत पाठवा. तणनाशक नको, आणि काडीचं तर नावही काढू नका. कोजागिरीला आई ओटल्यावर बसतील आणि त्यांना समोरचा डोंगर दिसेल, एवढं नक्की होण्यासारखं आहे. नऊ बिघे मात्र साफ होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत.

सुरुवात कोयत्याने करायची नाही, खुर्चीने करायची. आईंना जिथे बसायचं आहे तिथे खुर्ची ठेवा आणि तुम्ही स्वतः तीत बसा. ओटला दोन फूट उंच धरला तर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सहा फुटांवर येतो. दरीचा काठ ओटल्यापासून बारा फुटांवर असेल आणि काठावरची झुडपं आठ फुटी असतील, तर ती डोळ्याच्या वर दोन फूट जातात. दरी झाकली आहे ती यांनी. आता काठ ओलांडून खाली चला. तीन फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, असा उतार असेल तर काठापासून तीस फुटांवर जमीन दहा फूट खाली गेलेली असते. तिथल्या आठ फुटी झुडपाचा शेंडा तुमच्या ओटल्याच्या जोत्यापेक्षाही खाली असतो. तो समोरच्या डोंगराच्या आड येत नाही, लांबच्या नदीच्याही येत नाही. म्हणजे जी झुडपं तुमची दरी खातायत ती काठावर आणि त्याच्या खाली वीस-पंचवीस फुटांच्या पट्ट्यात आहेत. पट्टा दोनशे फूट लांब धरला तरी सगळं मिळून पाच हजार चौरस फूट. आपल्याकडचा बिघा पाव हेक्टरचा, म्हणजे हे काम बिघ्याच्या पाचव्या हिश्शाएवढं झालं. जेसीबीवाला तुमच्याकडून नऊ बिघ्यांचे पैसे घेणार होता.

हा हिशेब तुमच्या जागेवर थोडा इकडेतिकडे होईल, म्हणून तो बांबूने तपासा. दहा फुटी बांबूच्या टोकाला लाल फडकं बांधून एकाला उतारावर पाठवा, तुम्ही खुर्चीतून मोबाइलवर सांगत राहा. तो झुडपाशेजारी बांबू उभा धरेल, तुम्ही पाहाल की झुडपाचा शेंडा नदीच्या रेषेच्या वर जातोय की खाली. वर जातोय त्याला लाल फीत, खाली राहतोय त्याला काही नाही. झाडावर चढलेली घाणेरी याला अपवाद. आधार मिळाला की ती पंधरा-वीस फूट सहज जाते, त्यामुळे उतारावर खोलवर असली तरी आड येऊ शकते. तिलाही फीत. तासाभराचं काम आहे, आणि यात माणसाचा निम्मा उत्साह मावळतो, तो मावळलेलाच बरा.

ही पाहणी मे महिन्यात करताना एक फसगत होते. आपल्या भागातल्या कोरड्या जंगलात घाणेरी उन्हाळ्यात अर्धीअधिक पानं गाळते. मे मध्ये काटक्यांतून दरी बऱ्यापैकी दिसते आणि माणसाला वाटतं, एवढंसं तर आहे. ऑगस्टमध्ये त्याच काटक्यांची भिंत होते. तेव्हा पाहणी आता करत असाल तर प्रत्येक झुडूप पानांनी भरलेलं आहे असं समजूनच फीत बांधा. गेल्या पावसाळ्यातला एखादा फोटो हाताशी असला तर उत्तम.

आता या वनस्पतीविषयी थोडं, कारण तिचा स्वभाव कळल्याशिवाय पुढची पद्धत पटत नाही. मराठीत घाणेरी किंवा टणटणी, हिंदीत राईमुनिया, वनखात्याच्या बोलण्यात सरळ लेंटाना. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. १८०९ साली कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आणली गेली आणि कुंपणाकुंपणाने देशभर पसरली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या व्याघ्र क्षेत्रांच्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागात तिची घुसखोरी मोजली. फुलांच्या झुपक्यात कोवळी फुलं पिवळी आणि जुनी गुलाबी किंवा लाल, खोड चौकोनी आणि आकडेदार काट्यांचं, पान चुरडलं की उग्र वास. काळी फळं बुलबुल आणि साळुंक्या आवडीने खातात आणि बिया लांबवर टाकतात. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि भुकेपोटी लावलंच तर यकृत बिघडून कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. म्हणजे चराईत गवत संपतं आणि ही तेवढी उरते. भोवतालच्या जमिनीत ती अशी द्रव्यं सोडते की इतरांचं रुजणं मंदावतं. अशा गड्याला नुसतं वरून छाटणं म्हणजे त्याची हजामत करणं. महिन्याभरात दाट होऊन परत येतो.

जेसीबीचं मी ऐकीव सांगत नाही. या कामात नवा होतो तेव्हा महूकडच्या एका टेकडीवर, एका संस्थेच्या जागेत, मी स्वतः उभा राहून दोन एकर मशीनने साफ करून घेतले होते. मोठा पाहुणा यायचा होता, दृश्य मोकळं हवं होतं. दोन दिवसांत झालं, संस्थाचालक खूश, मीही खूश. जूनच्या अखेरीस पहिला जोराचा पाऊस झाला आणि उतारावरचा वीतभर मातीचा थर नाल्यात गेला, खाली नागडा मुरूम उरला. मशीनच्या पंजाने मुळं उपटली नव्हती, तोडून मातीत कालवली होती. त्या तुकड्यांतून घाणेरी फुटली आणि मधल्या मोकळ्या जागेत गाजर गवत कमरेएवढं वाढलं. दिवाळीला तिथे उभं राहून मला पूर्वीपेक्षा कमी दिसत होतं. शिवाय घाणेरीच्या पोटात तग धरून असलेली तेंदूची आणि बेलाची रोपं मशीनने चिरडली होती. ती वाढायला आठ-दहा वर्षं लागली असतील. माझ्या हिशेबी ती माझी चूक आहे, संस्थेची नाही.

आगीने वरचा भाग जळतो, बुडखा जमिनीखाली जिवंत राहतो आणि पावसात दुप्पट फुटतो. गवत आणि रोपं मात्र खरोखर मरतात. शिवाय उन्हाळ्यात त्या घाटात लावलेली आग तुमच्या हद्दीत थांबत नाही. तणनाशकाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला होता. दुकानदार त्याचा डबा सरळ हातात देतो हा भाग वेगळा. पण कायदा बाजूला ठेवला तरी उतारावर फवारा मारला की खालचं गवतही मरतं, आणि तुम्हाला हवंय ते नेमकं गवतच. कीटक सोडून पाहण्याचाही प्रयत्न देशात १९२०च्या दशकापासून झालेला आहे, घाणेरीने तो हसत पचवला.

तर मग मूळ तोडायचं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात काम करून ही पद्धत नीट मांडली. कान्ह्याच्या कुरणांतही वनविभाग घाणेरी उपटून गवत परत आणतो. घाणेरीचे नवे कोंब फुटतात ते मुख्यतः बुडख्याच्या एका छोट्या भागातून, जिथे खोड संपतं आणि मूळ सुरू होतं. तो भाग मुळाच्या बाजूने कापून वर काढला की खाली उरलेलं मूळ सहसा फुटत नाही. सगळं मूळ खणून काढायची गरजच नाही, म्हणून माती हलत नाही, आणि उतारावर तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

प्रत्यक्षात ते असं होतं. जोडी लागते, एक गैंतीवाला, एक बेचकीवाला. गैंती म्हणजे आपली टिकाव, पण चोरलला टिकाव म्हणालात तर मजूर तोंडाकडे बघत राहील. बेचकीवाला लांब दुबेळक्याच्या काठीने झुडपाचा घेर एका बाजूने उचलून धरतो, साडीचा पदर उचलावा तसा. गैंतीवाला वरच्या अंगाला, म्हणजे डोंगराकडे पाठ करून उभा राहतो आणि आधी हाताने किंवा खुरप्याने बुंध्याभोवतीचा पालापाचोळा सारतो. मग दोन-तीन बोटं माती बाजूला केली की रंग बदललेला दिसतो. वरचं खोड करडं-तपकिरी, खरबरीत, खालचं मूळ पिवळसर आणि गुळगुळीत. घाव तिथे, पिवळ्यावर. जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली. दोन-तीन घावांत मूळ तुटतं, आवाजावरून कळतं, आणि सगळं झुडूप हलकं होऊन बेचकीवर येतं. ते तिथेच उलटं करायचं, मुळी आभाळाकडे. उलटं का, तर घाणेरीची फांदी ओल्या मातीला टेकली की पेराला मुळं सोडते. सरळ टाकलीत तर तोडलेलं झुडूप पंधरा दिवसांत नव्या जागी संसार मांडतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी स्वतः फिरून पंचवीस-तीस बुंधे बघा. कापलेल्या तोंडाशी करडी साल दिसली तर घाव वर बसलाय, ते परत करायला लावा. पहिल्या दिवशी हे केलंत तर पुढचे दिवस करावं लागत नाही.

केव्हा? उन्हाळ्यात मुरुमाड जमीन लोखंडासारखी असते, गैंती उसळते आणि मजूर कंटाळून वरूनच छाटतो. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जमीन घाव घेते. इंदूरकडे साधारण जूनचा शेवटचा आठवडा. तिथून जुलैअखेरपर्यंतचे पाच आठवडे तुमचे. यंदाची फळं अजून पिकलेली नसतात, त्यामुळे झुडूप हलवताना बिया सांडत नाहीत. सगळा पट्टा एकदम उघडा करू नका. उताराला आडव्या, आठ-दहा फूट रुंदीच्या पट्ट्या पाडा. एक काढा, एक ठेवा, राहिलेली पुढल्या महिन्यात. काढलेली झुडपं दगडावर किंवा एकमेकांवर उलटी ठेवून महिनाभर वाळवा, मग ती समपातळीत आडवी रचून दगडांनी दाबून टाका. पावसाचं पाणी त्यांना अडतं, माती त्यांच्यामागे साठते. वाळलेली घाणेरी मेलेली असते, पण काडी मोडून बघा. कट्कन तुटली तर वाळली, वाकली तर अजून थांबा. (दक्षिणेत मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक याच काठ्यांच्या खुर्च्या विणतात, आणि घाणेरीचे पूर्णाकृती हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे होते. आपण बंधारे रचू.)

कापायच्या आधी लाल फितीबरोबर एक पांढरीही फीत न्या. घाणेरीच्या पोटात काय काय लपलंय ते बघायला पालथं पडावं लागतं. साग, धावडा, तेंदू, बेल, खैर यांची हातभर रोपं सापडतील. त्यांना पांढरी फीत, आणि त्यांच्याभोवती गैंती नाही, खुरपं. मुरडशेंग, धायटी, कुडा, करवंद, निरगुडी ही झुडपं असतील तर तीही राखा. नवे मजूर धायटीला घाणेरी समजून तोडतात, कारण दोन्ही गचपणासारख्या दिसतात. धायटीच्या पानाला तो वास नाही आणि काटा नाही, एवढं एकदा दाखवून दिलं की पुरतं. घाणेरी गेली की फुलपाखरांचं आणि बुलबुलांचं काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर याच धायटीत आणि करवंदात आहे. एखादं सागाचं किंवा धावड्याचं झाड नदीच्या आड येत असेल तर ते तोडायच्या भानगडीत पडू नका. खासगी जमिनीतही अशा झाडांना परवानगी लागते, आणि मला विचाराल तर खोडाच्या आडून दिसणारी नदी जास्त चांगली दिसते. खालच्या दोन-चार फांद्या उतरवल्या की पुरे.

इथपर्यंतच्या कामाला मी पाव काम म्हणतो. उरलेलं पाऊण काम गवताचं. मोकळी जमीन उतारावर मोकळी राहत नाही. तुम्ही काही आणलं नाहीत तर गाजर गवत येतं, रानतुळस येते आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा घाणेरी. दृश्य मोकळं राहतं ते गवताने. कमरेइतकं उंच, मुळांनी माती घट्ट धरणारं आणि घाणेरीच्या रोपाला ऊन न देणारं गवत. माळव्याला ते शिकवायची गरज नाही. इथे राखीव कुरणाला बीड म्हणतात, दसऱ्यापर्यंत त्यात गुरू शिरत नाही, मग कापणी. सैलाना आणि सरदारपूरची खरमोराची, म्हणजे तणमोर पक्ष्याची, अभयारण्यं १९८३ साली झाली ती असल्या गवताळ जमिनीच्या जिवावरच. तुमच्या उतारावर हवीत ती कुसळी, पवना, डोंगरी, आणि जिथे माती जरा खोल आहे तिथे मारवेल.

बी बाजारात शोधत बसू नका. चोरलच्या आसपास ज्यांच्या घरी गेल्या कार्तिकातल्या गवताच्या गंजी आहेत त्यांच्याकडे जा. गंजी संपत आली की तळाशी भुसा आणि बिया यांचा जो झाडा उरतो तो ते उकिरड्यावर टाकतात. पोतंभर मागा, चहापाण्याचे पैसे द्या. या गवतांचं बी पडल्यावर लगेच रुजत नाही, काही महिने झोपतं, त्यामुळे गेल्या हिवाळ्यातलं बी आता जूनमध्ये नेमकं तयार असतं. घाणेरी काढलेल्या पट्टीवर हा झाडा पातळ पसरा आणि वर थोडं जुनं गवत टाका, वाऱ्याने आणि पाण्याने जाऊ नये म्हणून. नांगरट, खड्डे, खत काही नाही.

कुसळीचं एक बी हातात घेऊन बघा, सोबत नातवंडं असतील तर त्यांनाही दाखवा. टोकदार बी आणि मागे बोटभर लांब, दोरीसारखा पीळ दिलेला काळपट केस. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका. पीळ सुटायला लागतो आणि बी हळूहळू गिरमिटासारखं फिरतं. वाळलं की परत पीळ पडतो. पाऊस आणि ऊन आलटून पालटून मिळालं की ते स्वतःला मातीत पेरतं. तुमच्या मोज्यात घुसतं तेही याच कलेने. माझ्याबरोबर काम करणारे भिलाला या आदिवासी समाजातले मुकादम पहिल्याच वर्षी म्हणाले होते, साहेब, हे बी दाबायला माणूस लावू नका, त्याला पाऊस दाबतो. मी तोपर्यंत माणसं लावत होतो.

पहिल्या वर्षी गवत विरळ येईल आणि त्याच्यामध्ये गाजर गवत डोकं काढेल. हे तण १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता इंदूरच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. फूल यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटायचं. उघड्या हाताने नाही, कातडीला खाज सुटते आणि काहींना ती आयुष्यभर चिकटते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने गाजर गवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांवर बरंच काम केलंय, ते भुंगे आपल्याकडे पावसाळ्यात आपोआपही दिसतात. पांढुरक्या पाठीवर गडद पट्टे असलेला भुंगा पानं खाताना दिसला तर त्याला मारू नका.

घाणेरीची रोपं मात्र दर वर्षी येणार, कारण जमिनीत बियांचा साठा आहे आणि बुलबुल नवा माल आणतच असतात. ती कुठे येतात ते ठरलेलं आहे. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली, तारेच्या कुंपणाच्या खांबांखाली, मोठ्या दगडांच्या कडेने. तेवढ्याच जागा ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा फिरायच्या. पहिल्या वर्षाचं रोप दोन बोटांत धरून उपटतं, तिसऱ्या वर्षाच्या रोपाला गैंती लागते. तीन पावसाळे ही फेरी चुकली नाही तर चौथ्या वर्षापासून वर्षातून एक सकाळ पुरते. म्हणून माझा नियम असा की जेवढ्या जागेवर तीन वर्षं फेरी मारणं होईल तेवढीच जागा उघडायची. काठाचा पट्टा बसला की त्याखालचा एखादा बिघा पुढच्या वर्षी घ्या, नाहीतर घेऊही नका.

नाल्याच्या कडेची जाळी सोडून द्या. त्या घाटात बिबट्या आहे, रानडुकरं आहेत, ससे, तितर आहेत. सगळा आडोसा एका वर्षात काढलात तर ते कुठेतरी जाणारच, आणि ते कुठेतरी म्हणजे कदाचित तुमचा ओटला. काम करताना गमबूट सगळ्यांना, मजुरांनाही, पैसे तुमचे. घाणेरीखालच्या पाचोळ्यात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. हात घालायच्या आधी काठीने आपटायचं, आणि बेचकीवाला घेर उचलतो तेव्हा गैंतीवाल्याने मोजून पाच आकडे थांबायचं. बाकी कुठला नियम पाळला नाही तरी चालेल, पण हा पाळाच, असं म्हणण्याइतका मी याच्याबाबत हट्टी आहे. गोचिडांसाठी संध्याकाळी घरी जाऊन कपडे उकळत्या पाण्यात.

हद्दीचं बघा. अशा जमिनींचा खालचा भाग बहुतेक वेळा वनविभागाला लागून असतो आणि मधली तार केव्हाच गंजून गेलेली असते. उतारावर दगड-चुन्याचे मुनारे शोधा, त्यांच्यावर नंबर असतो. शंका असेल तर तहसिलात अर्ज करून सीमांकन करून घ्या, पटवारी नुसत्या बोलण्यावर सांगतो ते धरू नका. मुनाऱ्यापलीकडे एक काडीही स्वतःहून तोडायची नाही, ती घाणेरीची असली तरी. पलीकडची झुडपं खरोखर आड येत असतील तर वनमंडलाधिकाऱ्यांना रीतसर अर्ज द्या आणि प्रत बीटच्या वनरक्षकाला हातात नेऊन द्या. घाणेरी निघावी असं त्यांनाही वाटतं. गावच्या वन समितीची माणसं कामावर घेतलीत तर गोष्टी जास्त सोप्या होतात, हे अनुभवाने सांगतो.

मजुरी रोजाने द्या, बिघ्याच्या ठेक्याने नाही. ठेका दिला की वरून छाटणं सुरू होतं, कारण वरून छाटलेली जमीन आणि मुळातून काढलेली जमीन पहिल्या दिवशी सारखीच दिसते. तुमच्या पट्ट्याला तीन जोड्या पुरतील, झुडपं फार जुनी असतील तर दिवस थोडे जास्त लागतील. दोन पावसाळे गुरं आत येऊ देऊ नका. गवत हवं असेल त्याला कापून न्यायला सांगा, आणि तेही बी पडल्यावर. मार्चमध्ये मोहाची फुलं वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्याआधी फेब्रुवारीत हद्दीच्या कडेने दहा फुटांची जाळरेषा साफ करून ठेवा.

आता यंदाचं. या आठवड्यात खुर्ची, बांबू आणि दोन रंगांच्या फिती. पुढच्या आठवड्यात गंजीवाल्यांकडे पोती. दोन पाऊस झाले की पहिल्या, एकाआड एक पट्ट्या आणि त्याच संध्याकाळी त्यांच्यावर बी. जुलैच्या मध्यानंतर उरलेल्या पट्ट्या. ऑगस्टमध्ये पहिली फेरी. सप्टेंबरच्या शेवटी गवत गुडघ्याच्या वर येईल, कुसळीला लालसर तुरे दिसू लागतील. ओटल्यासमोरचं पाच हात गवत कापा, सापाच्या दृष्टीने आणि आईंना पाय मोकळे करता यावेत म्हणून. त्यापुढचं बी पडेपर्यंत उभं राहू द्या, पुढच्या वर्षाचं बियाणं तेच आहे.

आणि डाव्या कोपऱ्यातलं ते मोठं झुडूप, फोटोत तुम्ही गोल करून पाठवलंय ते, यंदा काढू नका. त्याच्या मधोमध बेलाची तीन पानं दिसतायत. पावसाळा संपला की घेर हळूहळू कमी करू. तोवर आईंची खुर्ची फूटभर उजवीकडे.